अम्मी आता शिकवत नाहीत

लहान मुलाला वस्तू जागेवर ठेवायला शिकवायचं असेल, तर त्याला 'पसारा आवर' असं सांगून उपयोग नसतो. आपण ज्याला पसारा म्हणतो तो त्याच्या लेखी खेळ असतो. त्यापेक्षा त्याच्या हातात कैची द्यावी आणि विचारावं, "हिचं घर कुठं आहे?" मूल लगेच उठतं. कैचीला घरी पोचवून येतं आणि वर तोंड करून विचारतं, "आता कोनाले पोचवू?"

ही युक्ती माझी नाही. नगरपालिकेच्या मराठी शाळेत मी सारी नोकरी केली, पण हे मला सुचलं नव्हतं. मला ते माझ्या मुलीनं, अनीसानं शिकवलं, आणि तेही मी निवृत्त झाल्यावर कित्येक वर्षांनी.

अमरावतीत आमचं घर तीन खोल्यांचं. पुढची खोली मोठी. तिला आम्ही बैठक म्हणतो. अनीसाचे अब्बा, अब्दुल रहीम, गाद्या-रजया भरायचं काम करायचे. दुकान चौकात होतं, पण दुकानात न मावलेलं सगळं घरी यायचं. ते गेल्यावर दुकान गेलं आणि जे उरलं होतं तेही घरी आलं. कापसाची गाठोडी, अभ्रे, तक्के, धाग्यांची रिळं, पिंजणाच्या तुटक्या लाकडी दांड्या. त्यातच माझं शाळेचं सामान, जुन्या पाट्या, अक्षरांचे तक्ते, पुठ्ठ्याची घड्याळं. ह्या सगळ्याच्या मधोमध एक चटई मावेल एवढी जागा मी राखली होती. तिच्यावर रोज दुपारी गल्लीतली पोरं येऊन बसत. त्यांची शाळा सकाळची. मी पैसे घेत नाही. ज्याला वाचता येत नाही त्यानं यावं आणि वाचता येऊ लागलं की जावं, एवढाच नियम. बहुतेक पोरं वाचता येऊ लागल्यावरही जात नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात मी त्यातल्याच एका गाठोड्याला अडखळून पडले. मनगट मोडलं. अनीसा अकोल्याहून धावत आली. तिथं ती एका कंपनीत हिशेबाचं काम बघते, नवऱ्यासोबत भाड्याच्या घरात राहते. रजा टाकून ती माझ्याजवळ राहिली. पहिले दोन दिवस तिनं मला जेवू घातलं, वेणी घातली. तिसऱ्या दिवशी ओढणी कमरेला बांधली आणि बैठकीत उभी राहिली.

"अम्मी, ही रजई कोणाची?"

"अचलपूरच्या देशमुखीणबाईंची. भरायला दिली होती."

"कधी?"

"तुझे अब्बा होते तेव्हा."

"म्हणजे बाई तेव्हापासून कुडकुडून राहिल्या का?"

मी हसले. हसताना मनगट दुखलं. त्या दिवशी आम्ही दोघी खूप हसलो. ती एकेक वस्तू उचलून दाखवायची, मी तिची कहाणी सांगायची, आणि कहाणी संपली की अनीसा म्हणायची, "ऐकली. आता हिला जाऊ द्या." तिची पद्धतच तशी होती. वस्तू टाकण्याआधी तिची कहाणी पूर्ण ऐकायची. त्यामुळे मला तोडल्यासारखं वाटत नव्हतं. कापूस एका गादीवाल्याला दिला. अभ्रे शेजारीपाजारी वाटले. जे उरलं त्याला तिनं जागा नेमून दिली, आणि पोरांना बोलावून प्रत्येक वस्तूचं घर दाखवलं. पोरांना हा खेळ फार आवडला. जिब्रान नावाचा एक वात्रट मुलगा तर पळत येऊन माझी चप्पल उचलून विचारायचा, "बाई, हिचं घर मशिदीजवळ आहे का?"

मग अनीसानं माझ्या दिवसाचं वेळापत्रक केलं. मोठ्या अक्षरात लिहून स्वयंपाकघराच्या दारावर लावलं. किती वाजता उठायचं, गोळी कधी घ्यायची. दुपारी पोरं तीन ते साडेचार. साडेपाच ते साडेसहा फिरायला जाणं.

"एकटीनं नाही जायचं," ती म्हणाली. "गंगूबाई सोबत येतील. मी बोलले त्यांच्याशी."

गंगूबाई आमच्या समोर राहतात. सकाळी देवळापुढे फुलं विकतात आणि संध्याकाळी मोकळ्या असतात. त्यांची नात वर्षाली माझ्याकडे येते. त्यांनी ते वेळापत्रक पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

"बाई, तुमच्या पोरीनं तुमालेच शाळेत घातलं न!"

"हो ना. आणि सुट्टी पण नाही ठेवली."

खरं सांगायचं तर मला त्या शाळेत जायला आवडू लागलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांचा दिवस आखून दिला, माझा दिवस कुणी आखून दिला नव्हता. चष्मा शोधण्यात सकाळ जात नव्हती. पोरांना बसायला जागा झाली. अनीसा दर रविवारी यायची, कपाटं उघडून बघायची, आणि सगळं जागेवर दिसलं की माझ्या गालाला हात लावायची. "शाबास अम्मी." मी मुलांना जशी शाबासकी द्यायचे तशीच. मला ती हवीशी वाटायची, हेही इथं लिहायला हरकत नाही.

पावसाळ्यात तिनं बैठकीला रंग दिला. भिंतीवर मी हातानं रंगवलेली मुळाक्षरं होती. ती त्याखाली गेली. "डाग पडले होते, अम्मी. आणि अक्षरं तर तुमच्याजवळ तक्त्यावर आहेतच." ते खरंच होतं. फळा दाराच्या मागे गेला, म्हणजे दार उघडं असलं की तोही दिसत नसे. पाट्या एका बंद पेटीत गेल्या. वर्ग संपला की खोलीत वर्ग होता असं ओळखूही येत नसे. मला ते कौतुकाचं वाटलं.

आणि एक गोष्ट मला वारंवार जाणवायची. फिरून आले की कधी कधी घर मी सोडून गेले होते त्याहून नीट दिसायचं. बैठकीतल्या बसायच्या तख्तावरची चादर जास्त ताठ. चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी. मला वाटायचं, सवय लागली की हात आपोआप काम करतात आणि आपल्याला आठवतही नाही. मी पोरांना ते उदाहरण म्हणून सांगितलंसुद्धा.

दिवाळीनंतर दिवस लहान झाले. मगरिबची नमाज सूर्य बुडाला की लगेच असते. उन्हाळ्यात ती सातला येते, हिवाळ्यात सहाच्याही आधी. वेळापत्रकातलं साडेपाच-साडेसहा मला सांभाळता येईना. मी पोरं गेली की दुपारनंतरची असरची नमाज पढून लगेच निघू लागले आणि सूर्य बुडायच्या आत घरी. दारावरच्या कागदात मी बदल केला नाही. मला कारण माहीत होतं, मग कागदाला काय सांगायचं? अनीसालाही सांगितलं नाही. ह्याच घरात वाढलेल्या मुलीला हिवाळ्यात मगरिब लवकर येते हे काय सांगायचं?

त्या मंगळवारी गंगूबाईंचं काहीतरी बिनसलेलं होतं. आम्ही तलावाच्या रस्त्यानं गेलो. परतायची वेळ झाली तर त्या एका कट्ट्यावर बसल्या.

"बसा न बाई जराशा. काय घाई आहे?"

"गंगूबाई, ऊन गेलं. अजान होईल."

"होईल तं होईल. इथं बसूनच ऐका."

"वजू नको का करायला, हातपाय धुवायला? चला."

"माहे पाय दुखून राहिले," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या पायाकडे पाहिलं. सकाळपासून फुलांच्या टोपलीमागे बसून थकले असतील, असं वाटलं. मी म्हटलं, "तुम्ही बसा निवांत. मी होते पुढे." त्या लगबगीनं उठल्या. "नाई नाई, थांबा. दुकानातून चहापत्ती घ्याची आहे मले, चला तिकडून." मी हसून त्यांचा हात सोडवला आणि चालू लागले. त्या मागून हाका मारत राहिल्या. मी वळून हात हलवला.

घराबाहेर अनोळखी बुटांचे जोड होते. दार उघडं. मला आधी चोरच वाटले. पण आतून बाईचा आवाज आला, ठसक्यातला आणि खुशीतला.

"घर किती नीट ठेवलं आहे हो! नाही तर लोकांच्या घरी सामानामुळं खोलीच दिसत नाही. ह्या पेटीत काय आहे?"

आणि मग अनीसाचा आवाज.

"पाट्या आहेत. ते सगळं निघून जाईल. अम्मी आता शिकवत नाहीत."

मी उंबऱ्यात उभी राहिले. आत एक जोडपं होतं. एक माणूस टेप लावून भिंत मोजत होता. तो चंद्रभान, घरं विकून देणारा दलाल, त्याला मी ओळखते. त्याचा पुतण्या माझ्याकडे शिकलाय. त्यानं मला पाहिलं आणि त्याच्या हातातला टेप सुटून गुंडाळला गेला.

"अरे, बाई! तुमी इथं? अनीसाताई तं म्हने तुमी अकोल्यालेच राहता आता."

अनीसा वळली. मंगळवारी ती अकोल्यात कामावर असते. तिच्या हातात माझ्या घराची किल्ली होती.

"अम्मी," ती म्हणाली. "इतनी जल्दी?"

तेवढ्यात अजान सुरू झाली.  हिवाळ्यातली मगरिब ती विसरली होती, हे तिला समजलं.

मी पाहुण्यांना बसा म्हटलं. तोंडून तेच निघालं. बाईनं चंद्रभानकडे पाहिलं, चंद्रभाननं अनीसाकडे. कोणी बसलं नाही. "पुन्हा येतो," असं काहीतरी म्हणून ते बूट घालू लागले. जाताना ती बाई मला म्हणाली, "छान आहे तुमचं घर." बिचारीला काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "हो. माझ्या मुलीनं आवरलंय."

मी आत जाऊन नमाज पढले. मन लागलं असं म्हणणार नाही. बाहेर आले तर अनीसा चटईवर बसली होती.

"किती वेळा आलीस अशी?" मी विचारलं.

"थोड्याच वेळा."

"आणि मला न भेटता परत जायचीस?"

 ते 'थोड्याच वेळा' माझ्या मनात सलत राहिलं. माझी मुलगी माझ्या घरात येत होती. माझ्या तख्तावरची चादर ताणत होती. आणि मी गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत बडनेरा स्टेशनकडं गाडी पकडायला निघून जात होती. आई घरात नाही हे बघून येणारं लेकरू मी पहिल्यांदा पाहिलं.

"तुमच्यासाठीच, अम्मी. अल्लाह गवाह आहे. तिकडं फ्लॅट बघितलाय. लिफ्ट आहे. तुमची वेगळी खोली. इथं तुमी एकट्या, उद्या पुन्हा पडल्या तर? त्या दिवशी तुमी तासभर जमिनीवर होत्या. मी ते विसरू शकत नाही. तिकडंही पोरं आहेत, शिकवा ना."

"मग मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तुमी नाही म्हटलं असतं."

"तर मग माझं 'नाही' ऐकून घेतलं असतं."

तिनं मान खाली घातली. लहान असताना गणित चुकलं की ती अशीच मान खाली घालायची. तेव्हा मी तिच्या डोक्यावर हात ठेवायचे. माझा हात उठला नाही.

"सही कशी करवणार होतीस? घर माझ्या नावावर आहे."

"गिऱ्हाईक पक्कं झालं की बोलणार होते. तेव्हा तुमी बघितलं असतं, सगळं तयार आहे. मग मानल्या असत्या."

"रविवारी शाबास म्हणायचीस, ते?"

"ते खरं होतं, अम्मी."

असेलही. पण आता मला कोणतं खरं आणि कोणतं नाही हे निवडता येईना. भिंतीवरची अक्षरं डागांमुळे गेली की गिऱ्हाइकामुळे? फळा दारामागे माझ्या सोयीसाठी गेला की त्यांच्या नजरेसाठी? फिरणं माझ्या तब्येतीसाठी होतं की रिकाम्या घरासाठी? देशमुखीणबाईंच्या रजईवर आम्ही दोघी हसलो होतो, तेव्हा तिच्या मनात हे होतं का? तेवढं मात्र मी विचारलं नाही. त्याचं उत्तर 'हो' आलं असतं तर माझ्याजवळ काहीच उरलं नसतं.

"तू जे केलंस ते वाईट मनानं केलं नाहीस," मी म्हटलं, "हे मला कळतं. पण तू लोकांना सांगितलंस की मी शिकवत नाही. माझ्या खोलीत उभी राहून सांगितलंस. मी मेल्यावर सांगितलं असतंस तर चाललं असतं."

"अम्मी!"

"किल्ली दे. आणि नीघ, गाडी चुकेल."

तिनं किल्ली माझ्या हातावर ठेवली. तिचे हात गार होते. मी जेवणाचं विचारलं नाही. माझ्या घरातून माझी मुलगी उपाशी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगूबाई आल्या. दारातच उभ्या राहिल्या, फुलांची टोपली कमरेवर.

"बाई, मले वाटलं तुमाले ठाऊक असंन."

"ठाऊक असतं तर मला कट्ट्यावर काहून बसवून ठेवत होत्या?"

 त्यांनी टोपली खाली ठेवली. "अनीसा म्हने, अम्मीले एकदम सांगतलं तं धक्का बसंन, हळूहळू सांगू. म्हने, मावशी, तेवढं अम्मीले सायंकाळी बाहेर ठेवजा. पोरगी रडून राहिली होती फोनवर. मले नाई म्हनवलं नाई गेलं."

"आणि मला सांगणंही तुमच्यानं झालं नाही."

"चुकलं माह्यं." त्यांनी डोळे पुसले. "आज येता न फिरायले?"

"आज नको."

"उद्या?"

"बघू."

वर्षाली आजीच्या मागे उभी होती. तिला आमच्यातलं काही कळत नव्हतं. तिला वर्गाची काळजी होती. "बाई, आज दुपारी आहे न आपलं?" मी म्हटलं, आहे. तीनला ये.

पोरं आली. पेटीतून पाट्या काढल्या. काढताना हात थांबला. ही पेटी, ही मोकळी बैठक, ही सगळी सोय मला फसवून झाली होती, आणि तरी सोय होती. जिब्रान अर्ध्या मिनिटात पाट्या वाटून मोकळा झाला. पूर्वी त्यातच निम्मा वेळ जायचा. मला चांगली शिस्त मिळाली, फक्त ती ज्या हातानं दिली तो हात दुसरंच काही करत होता. हे मुलांना कसं समजावणार? मी समजावलं नाही. जोडाक्षरं घेतली.

चंद्रभाननं दोनदा फोन केला. "गिऱ्हाईक चांगलं आहे बाई, विचार करा." मी त्याला सांगितलं, घर विकायचं नाही, आणि पुढच्या वेळी कोणी घर दाखवलं तर आधी घरात कोण राहतं ते विचारत जा. तो चांगला माणूस आहे. त्यानं माफी मागितली.

अनीसा पुढच्या रविवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग तिचा फोन आला.

"अम्मी, येऊ का?"

आजवर तिनं हे कधी विचारलं नव्हतं. माझ्या मुलीनं माझ्या घरी यायची परवानगी मागावी ह्याचं मला वाईट वाटलं, आणि न मागता आली असती तर त्याहून वाईट वाटलं असतं.

"आता रविवारी सकाळी पोरांना गोष्ट वाचून दाखवते," मी म्हटलं. "तेव्हा ये."

ती आली तेव्हा आम्ही गोष्टीच्या मध्यात होतो. दार सताड उघडं होतं, तरी ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. वाचता वाचता मला तिची सावली दिसली. मी परिच्छेद संपवला आणि म्हटलं, "ये, बस." ती पोरांच्या रांगेत चटईच्या टोकाला बसली. बहुतेक पोरं तिला ओळखत होती. जिब्राननं तिला सलाम केला. पण करिश्मा नावाची एक मुलगी त्याच आठवड्यात यायला लागली होती, तिनं अनीसाला नीट निरखून पाहिलं.

"तुमी कोन?"

"मी बाईंची मुलगी."

करिश्मानं माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे.

"मंग बाहेर काहून उभ्या होत्या?"

पोरं हसली नाहीत. त्यांनाही उत्तर हवं होतं.  अनीसानं माझ्याकडे पाहिलं. वाचताना मूल एखाद्या शब्दाला अडलं की असंच माझ्याकडे बघतं. मी त्याला पहिलं अक्षर हळूच सांगते, म्हणजे पुढचं त्याला आपोआप सुचतं. इतक्या वर्षांत एकाही मुलाला मी अडलेलं ठेवलं नाही.

अनीसा बघत राहिली. करिश्मा वाट बघत राहिली. मी पुस्तकाचं पान उलटलं आणि बोट पुढच्या ओळीवर ठेवून थांबले. ते उत्तर तिचं तिनंच द्यायचं होतं.